थेंबातील सृष्टी आणि तिचे साक्षीदार

नव्या गावी बदली होऊन गेल्यावर, ट्रंका उतरतात न उतरतात तोच, घरातील वडीलधारी माणसे जो पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा नसतो किंवा बंगल्याचाही नसतो. 'इकडचे पाणी मानवेल ना?' हा तो प्रश्न. आम्हां परप्रांतवासी मराठी नोकरदारांना या प्रश्नाची इतकी सवय झालेली असते की त्यात दडलेला एक गहन अर्थ सहसा ध्यानी येत नाही. पाणी दिसते तर सगळीकडे सारखेच. पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले तर त्यात काही आढळत नाही. तरीही एका गावचे पाणी मानवते आणि दुसऱ्या गावचे बाधते. दिसत नाही असे काहीतरी त्या पाण्यात आहे, हा विश्वास आपल्या पूर्वजांच्या ठायी निश्चित होता. म्हणून तर तुरटी फिरवणे, निवळीची बी उगाळणे, पाणी वस्त्रगाळ करणे हे आचार घराघरांतून चालत आले. परंतु ते 'काहीतरी' कोणी पाहिले नव्हते.

ते प्रथम कोणी पाहिले याची कथा सर्वांस ठाऊक आहे. पाहिलेले दुसऱ्यास पटवावे कसे, याची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. नळीला डोळा लावून पाहणारा मनुष्य एकटाच असतो, आणि एकट्याची साक्ष कोणत्याही दरबारात पुरेशी धरली जात नाही. पाण्यातील सूक्ष्म जीवांचे छायाचित्र घेण्याची विद्या उदयास आली ती या अडचणीतून. तिचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी होतो. अँटनी व्हान लेव्हेनहूक हा गृहस्थ कापडाचा व्यापारी होता, आणि 1660 पासून गावच्या नगरसभेत एका लहानशा पदावर नोकरीसही होता. लॅटिन त्याला येत नव्हते. पदवी त्याच्यापाशी नव्हती. परंतु इवल्याशा काचमण्यांची भिंगे घासण्यात त्याचा हात धरील असा त्या काळी युरोपात कोणी नव्हता. 1674 मध्ये गावाजवळच्या एका तळ्यातील हिरवट पाणी त्याने भिंगाखाली पाहिले, आणि 9 ऑक्टोबर 1676 च्या दीर्घ पत्रात पाण्यातील असंख्य 'चिमुकल्या प्राण्यां'चे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीस कळवले. एका थेंबात एवढी प्रजा नांदते हे वाचून तेथील विद्वानांना सहजासहजी विश्वास वाटला नाही, यात नवल नाही. तेव्हा या व्यवहारी गृहस्थाने काय करावे? त्याने चक्क पंचनामा केला! धर्मोपदेशक, नोटरी अशा आठ प्रतिष्ठित माणसांना आपल्या भिंगातून पाहावयास लावून त्यांची लेखी प्रशस्तिपत्रे त्याने 1677 मध्ये लंडनला धाडली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रॉबर्ट हुक यांनी सोसायटीच्या सभेत स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून ते जीव दाखवले, तेव्हा कुठे शंका मिटली. लेव्हेनहूकला चित्रे काढता येत नसत. त्यासाठी त्याने चित्रकार पदरी ठेवले होते. म्हणजे डोळा एकाचा आणि हात दुसऱ्याचा. पुढील पावणेदोनशे वर्षे या शास्त्राचे सारे दप्तर असे हाताने लिहिलेले राहिले.

हात खोटे बोलतो असे आम्हांस म्हणावयाचे नाही. पण मनाने जे आधीच ठरवलेले असते ते हात नकळत रेखाटून जातो. याचे सर्वांत शिकवण देणारे उदाहरण बर्लिनचे प्राध्यापक क्रिस्टियान एहरेनबेर्ग यांचे. त्यांच्याइतके कष्टाळू निरीक्षक थोडेच झाले असतील. 1838 मध्ये त्यांनी जलसूक्ष्मजीवांवरील आपला प्रचंड ग्रंथ 64 चित्रफलकांसह प्रसिद्ध केला. ती चित्रे आजही पाहत राहावीशी वाटतात. पण त्यांचा एक आवडता सिद्धांत होता : प्राणी कितीही लहान असो, त्याला मोठ्या प्राण्यांसारखे सर्व अवयव असलेच पाहिजेत. त्यांनी या जीवांना नीळ आणि किरमिजी रंग खाऊ घातले. अंगात रंगीत ठिपके उमटले, आणि ती सारी पोटेच आहेत असा त्यांनी निर्वाळा दिला. मग चित्रांत पोटे आली आणि पोटांना जोडणारी आतडीही आली. इकडे फ्रान्समध्ये फेलिक्स द्युजार्दँ यांनी तेच जीव पाहिले. त्यांना ना आतडी दिसली, ना कायमची पोटे. त्यांना दिसला तो केवळ एक चिकट, सजीव द्रव. दोघेही प्रामाणिक आणि दोघेही निष्णात. मग निवाडा करावा कोणी?

निवाड्यासाठी असा साक्षीदार हवा होता, ज्याला स्वतःचा सिद्धांत नाही. तो प्रकाशाच्या रूपाने हजर होण्याच्या बेतात होता. 1802 सालीच टॉमस वेजवुड व हंफ्री डेव्ही यांनी रौप्यलवणाने माखलेल्या पृष्ठभागावर प्रकाशाने आकृती उमटवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, आणि सौरसूक्ष्मदर्शकाने पडद्यावर पडणारी लहान वस्तूंची प्रतिमा या रीतीने उतरवता येते असे डेव्हींनी नमूद केले होते. सौरसूक्ष्मदर्शक म्हणजे अंधाऱ्या खोलीच्या खिडकीत बसवलेले, बाहेरच्या आरशाने सूर्यकिरण आत घेऊन वस्तूची मोठी छाया पाडणारे यंत्र. दुर्दैव इतकेच की उमटलेली आकृती टिकवण्याची युक्ती त्यांना साधली नाही. उजेड लागताच सारे काळे पडे. ती युक्ती साधण्यास 1839 साल उजाडावे लागले. त्या एका वर्षात पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपली कागदावरील पद्धत मांडली, आणि जॉन हर्शल यांनी चित्र कायम करण्यासाठी 'हायपो'चा उपयोग दाखवून दिला. टॅलबट यांनी तर आपल्या पहिल्याच निबंधात सौरसूक्ष्मदर्शकाचा आवर्जून उल्लेख केला आहे. छायाचित्रणकला आणि सूक्ष्मदर्शक यांचा संसार अशा रीतीने पहिल्या दिवसापासून एकत्रच थाटला गेला.

पॅरिसचे वैद्य आल्फ्रेद दोने यांनी हा साक्षीदार प्रथम शास्त्राच्या न्यायासनापुढे उभा केला. त्यांचा तरुण साहाय्यक होता लेआँ फुको. पुढे लंबकाच्या साहाय्याने पृथ्वीचे परिवलन डोळ्यांसमोर उभे करणारा तो हाच. या दोघांनी रक्तकण, दुधातील गोलक, सूक्ष्म परजीवी यांची दागेर पद्धतीची चित्रे घेतली आणि 1845 मध्ये 20 फलकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. निरीक्षकाचे मन मध्ये न आणता निसर्गाला स्वतःचे चित्र स्वतःच काढू द्यावे, हा त्यांचा हेतू. पण येथे दैवाने एक विनोद केला. दागेरचे चित्र धातूच्या पत्र्यावर एकच उमटे, आणि त्याची प्रत काढता येत नसे. ग्रंथात छापण्यासाठी ते कोरक्याकडे देऊन हातानेच पुन्हा कोरून घ्यावे लागले. ज्या हाताला बाहेर काढले तो मागच्या दाराने परत आला!

पुढे काचेवरची ओली कलोडियन पद्धत आली, आणि एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. तरी अडचणी संपल्या नव्हत्या. वस्तू शेकडो पट मोठी केली की तिच्यावरचा प्रकाश तितक्याच विस्तारावर पसरून क्षीण होतो, म्हणून काच दीर्घकाळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात पाण्यातला जीव थोडाच एका जागी बसणार? पॅरामेशियमसारखा चपळ प्राणी तर एका क्षणात दृष्टीच्या मैदानाबाहेर निघून जातो. म्हणून त्या काळातील छायाचित्रकारांनी जे जलजीव निवडले ते बहुधा न हलणारे होते, आणि त्यांत अग्रमान मिळाला तो डायाटमला.

डायाटम ही एकपेशीय पाणवनस्पती. डबक्यात, नदीत, समुद्रात, ओलसर दगडावर, जेथे पाणी आणि उजेड आहे तेथे ती आहे. पृथ्वीवरील एकंदर प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा एकटे डायाटम उचलतात असे आज मानले जाते. तिची पेशी वाळूच्याच द्रव्याच्या, म्हणजे सिलिकाच्या, पारदर्शक कवचात बंद असते, आणि ते कवच दोन भागांचे असते : कुंकवाच्या करंड्यावर झाकण बसावे तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. पेशी मेली तरी करंडा शाबूत राहतो. त्यावरील नक्षी इतकी बारीक व इतकी नियमित असते की भिंग किती चांगले आहे हे ठरवण्यासाठी तिचाच उपयोग होऊ लागला. प्लूरोसिग्मा अँग्युलॅटम या डायाटमवर एका मिलिमीटरात दोन हजारांच्या आसपास रेषा भरतात, तर अँफिप्लूरा पेलुसिडावर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्या सूक्ष्मदर्शकातून या रेषा सुट्या दिसतात असे सांगणे ही त्या काळच्या हौशी मंडळींची मोठी फुशारकी असे. फुशारकीला पुरावा हवाच, आणि पुरावा म्हणजे छायाचित्र.

या कामात दोन माणसांची नावे विसरता येत नाहीत. पहिले अमेरिकन लष्करातील वैद्यकीय अधिकारी जोसेफ वुडवर्ड. वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियममध्ये सरकारी कामाचा भाग म्हणूनच ते सूक्ष्मछायाचित्रे घेत. अब्राहम लिंकन यांच्या शवाची तपासणी करणाऱ्या दोघा वैद्यांतील ते एक. नोबर्ट नावाच्या जर्मन कारागिराने काचेवर हिऱ्याने एकोणीस पट्ट्यांत उत्तरोत्तर बारीक रेषा कोरल्या होत्या. त्यांतील शेवटच्या पट्टीच्या रेषा सुट्या दिसणे अशक्य, असे पुष्कळांचे मत होते. 1869 मध्ये वुडवर्ड यांनी त्या पट्टीचे छायाचित्रच पुढे ठेवले आणि वाद मिटवला.

दुसरे नाव रिचर्ड लीच मॅडॉक्स यांचे. हे इंग्लंडातील साउथॅम्प्टनजवळ राहणारे, प्रकृतीने नाजूक वैद्य. डायाटम व तत्सम सूक्ष्म वस्तूंची छायाचित्रे घेण्यात त्यांचा लौकिक होता. ओल्या कलोडियनमध्ये ईथर असे, आणि बंद खोलीत त्याच्या वाफेने त्यांची आधीच खालावलेली प्रकृती अधिकच बिघडू लागली. आवडता उद्योग सोडणे किंवा ईथर सोडणे, एवढेच दोन मार्ग उरले. मॅडॉक्स यांनी ईथर सोडले. त्यांनी खाण्याच्या पदार्थांत वापरले जाणारे जिलेटिन घेतले, त्यात रौप्यलवण मिसळले, ते काचेवर पसरून वाळवले, आणि 8 सप्टेंबर 1871 रोजी एका छायाचित्रविषयक नियतकालिकात ही कृती छापून टाकली. पेटंट घेतले नाही. पद्धत अपुरी आहे हे त्यांनी स्वतःच कबूल केले, आणि इतरांनी ती सुधारावी अशी इच्छा दर्शवली. इतरांनी ती सुधारलीही. त्या कोरड्या काचेतूनच पुढे बाजारात मिळणाऱ्या तयार काचा आल्या, फिल्मची गुंडाळी आली आणि घरोघर कॅमेरा पोहोचला. आमच्या मुंजी-लग्नांचे पिवळे पडलेले फोटो ज्या विद्येने निघाले, तिच्या मुळाशी थेंबातील जीव पाहू इच्छिणाऱ्या एका आजारी वैद्याचा हट्ट आहे. त्या विद्येवर पुढे कारखाने उभे राहिले. मॅडॉक्स यांना मात्र उतारवयात पैशाची चणचण भासली, आणि त्यांच्यासाठी चाहत्यांना निधी गोळा करावा लागला. 1902 मध्ये ते निवर्तले.

आता आपल्या देशाशी निगडित असलेला भाग. 1872 साली रॉबर्ट कोख हा तरुण वैद्य जर्मनीच्या पूर्व भागातील वोलश्टाइन या आडगावी जिल्हा वैद्याधिकारी म्हणून रुजू झाला. विद्यापीठ दूर, ग्रंथालय दूर, समानधर्मी कोणी नाही. बदलीच्या गावी दिवस काढणाऱ्या आमच्या वाचकांस हे चित्र अपरिचित वाटू नये. रोगी तपासून उरलेल्या वेळात, घरातच थाटलेल्या प्रयोगशाळेत, त्याने जंतूंवर संशोधन आरंभले, आणि 1877 मध्ये जंतूंची पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. चित्रकाराचे रेखाटन वस्तूपेक्षा सुबक होते आणि त्यातून गैरसमज वाढतात, हा त्याचा आक्षेप होता. विशिष्ट परिस्थितीत सूक्ष्म वस्तूचे छायाचित्र त्या वस्तूहूनही महत्त्वाचे ठरते, इथवर तो पुढे गेला. कारण वस्तू एकट्याने पाहायची, छायाचित्र मात्र दहाजणांनी एकत्र बसून पाहता येते व त्यावर वादही घालता येतो.

हाच कोख पटकीचा शोध घेत प्रथम मिसरात आणि तेथून डिसेंबर 1883 मध्ये कलकत्त्यास आला. 2 फेब्रुवारी 1884 च्या अहवालात त्याने स्वल्पविरामासारख्या किंचित वाकड्या जंतूचे वर्णन केले. हा जंतू रोग्यांच्या आतड्यांत सापडला इतकेच नव्हे, तर जेथे पटकीने माणसे दगावली होती अशा एका वस्तीच्या तळ्यातही सापडला. त्याच तळ्यात लोक आंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. 'पाणी बाधले' या आपल्या शब्दांना प्रथमच आकार आला. वास्तविक फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यांनी 1854 मध्येच हा जंतू पाहून त्याचे वर्णन छापले होते. परंतु त्या एकट्याच्या साक्षीकडे कोणी लक्ष दिले नाही. मग कोखची साक्ष तरी सर्वांनी मानली काय? नाही. ब्रिटिश सरकारने 1884 मध्येच क्लाइन आणि गिब्ज या दोघांना हिंदुस्थानात पाठवले, आणि हा जंतू पटकीचे कारण नव्हे असा अभिप्राय त्यांनी दिला. रोग पाण्यातून व माणसांतून पसरतो असे मान्य केले, तर बंदरांत जहाजे अडकवून ठेवावी लागणार आणि व्यापाराला धक्का बसणार, हे त्या वादाच्या पाठीमागे उभे होते. पुरावा डोळ्यांसमोर असून तो फाइलीत चढत नाही, असा प्रसंग आमच्यापैकी कोणी पाहिला नसेल? छायाचित्र साक्ष देऊ शकते. ती ऐकून घेण्याची इच्छा न्यायाधीशाला असावी लागते.

या साक्षीत स्वतःचेही एक वैगुण्य होते. कोखचे जंतू सुकवलेले व रंगवलेले, म्हणजेच मेलेले होते. जिवंत जलजीव बहुधा पाण्याइतकाच पारदर्शक असतो, त्यामुळे रंगवल्याशिवाय तो धड दिसत नाही आणि रंगवला की सहसा जगत नाही. दिसण्याची किंमत प्राण देऊन मोजायची, असा हा व्यवहार होता. त्यातून सुटका केली ती पुन्हा एका डच गृहस्थाने. ग्रोनिंगेनचे फ्रिट्झ झेर्निके यांनी असा विचार केला की पारदर्शक पेशी प्रकाश अडवत नसली तरी त्याला किंचित उशीर लावते. दिंडीत एका रांगेचे पाऊल क्षणभर मागे पडावे तसे हे असते. डोळ्याला किंवा काचेला हा उशीर कळत नाही. झेर्निके यांनी त्या उशिराचे रूपांतर उजेड-अंधारात करण्याची योजना बसवली. 1932 मध्ये ते ती घेऊन जेना येथील प्रख्यात झाइस कारखान्यात गेले, तेव्हा तेथील एका जुन्या जाणत्याने सांगितले की, यात काही उपयोग असता तर तो शोध आम्हीच केव्हाच लावला असता! नऊ वर्षांनी, 1941 मध्ये, जर्मन लष्कराने युद्धोपयोगी शोधांची मोजदाद केली तेव्हा कुठे ते यंत्र तयार होऊ लागले. 1953 मध्ये झेर्निके यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता अमीबा जिवंतपणी, आपल्या उद्योगात मग्न असताना, काचेवर उतरू लागला. त्याच सुमारास विद्युत्-झोतदिव्यांनी क्षणाच्या सूक्ष्म अंशात चित्र घेणे साधले, आणि चपळांची चपळाईही पकडली गेली.

जिवंत जलसृष्टीचा सर्वांत हळवा साक्षीदार आम्हांस वाटतो तो रोमान विशनियाक. रशियात 1897 मध्ये जन्मलेल्या या ज्यू बालकाला, त्याने स्वतः सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, सातव्या वाढदिवशी आजीकडून सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा मिळाला, आणि त्याने दोहोंची तत्काळ जोडी लावली. पुढे बर्लिनला असताना 1935 ते 1938 या काळात त्याने पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांतून हिंडून तेथील मुले, हमाल, पाठशाळा व बाजार यांची हजारो छायाचित्रे घेतली. काही वर्षांतच त्या वस्त्या आणि त्यांतील बहुतेक माणसे नाझींनी नष्ट केली. त्यांतील कितीएकांची दुसरी खूण आज उरलेली नाही. 1940 च्या अखेरीस अमेरिकेला पोहोचलेल्या विशनियाकने उरलेले आयुष्य मुख्यतः सूक्ष्मजीवांच्या चित्रणाला वाहिले. मारून रंगवलेल्या जीवांत त्याला रस नव्हता. डबक्यातले पाणी आणावे, त्यातील जीवांना शक्य तितके त्यांच्या स्वाभाविक स्थितीत टिपावे आणि काम झाले की ते पाणी पुन्हा जेथल्या तेथे सोडून यावे, असा त्याचा नेम सांगतात. एका सृष्टीचा संहार पाहिलेल्या माणसाने दुसऱ्या सृष्टीतील इवलासा जीवही वाया जाऊ देऊ नये, याचे मर्म अधिक उकलून सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा कॅमेरा हा निर्दोष साक्षीदार ठरला काय? तसे म्हणवत नाही. डायाटमच्या कवचावरील ठिपके उंचवटे आहेत की छिद्रे, हा वाद उत्तम छायाचित्रे हाती असूनही कित्येक वर्षे चालला. छायाचित्र दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजूने वाचले. ती छिद्रे आहेत हे विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निश्चित केले. आज तर खिशातील दूरध्वनी नेत्रिकेवर धरूनही शाळकरी मुलगा रोटिफरचे चित्र घेऊ शकतो. निरनिराळ्या खोलींवर घेतलेली अनेक चित्रे गणकयंत्र एकत्र करून एक सर्वांगस्पष्ट चित्र तयार करते आणि हवे ते रंगही भरते. असे चित्र मनोहर असते. पण कोणत्याही एका क्षणी कोणत्याही डोळ्याने ते तसे पाहिलेले नसते. हात दारातून गेला, खिडकीतून आला, आणि आता बटणाखाली येऊन बसला आहे. साक्षीदार बदलत जातात, तरी उलटतपासणीचे कर्तव्य पाहणाऱ्यावरच राहते.

शेवटी पुन्हा पाण्याकडे वळतो. पटकीचा जंतू खाड्यांच्या आणि तळ्यांच्या पाण्यात कोपेपॉड नावाच्या बारीक कवचधारी जलचरांच्या अंगाला चिकटून राहतो, असे रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या आधारे दाखवून दिले. जंतू कापडातून सहज पार होतो, पण कोपेपॉड त्याच्या मानाने प्रचंड. मग त्यालाच अडवले तर? बांगलादेशातील 65 खेड्यांत हा प्रयोग झाला, आणि त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किमान चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटले. नवी साडी तितकी उपयोगी नाही. जुनीच हवी, कारण धुण्याने तिचे धागे फुलतात आणि छिद्रे लहान होतात.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्या घरातील माठाच्या तोंडावर बांधलेले, आजीच्या लुगड्याचे चौपदरी फडके आठवले. बदलीच्या प्रत्येक गावी ते फडके आमच्या सामानातून गेले होते, आणि विज्ञान शिकून शहाणे झालेल्या आम्ही त्याची थट्टाही केली होती. आजीने कोपेपॉड पाहिला नव्हता, त्याचे छायाचित्रही पाहिले नव्हते. आम्ही आता ते पाहिले आहे. पाण्याने भरलेल्या पेल्याकडे पाहताना आमच्या मनात उमटणाऱ्या आदरात त्या चिमुकल्या जलचराचा वाटा आहे, आणि त्या फडक्याचाही आहे.